मोटारसायकल-टॅक्सीचे अपघात : दोष कोणाचा?

मोटारसायकलवर उतारू वाहणाऱ्या चालकाचा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. 'भरधाव जाणाऱ्या दुचाकीवरील चालकाचा ताबा सुटला' एवढ्यात सारे कारण सांगून होते. ताबा सुटला हे बहुधा खरे असते. परंतु तो का सुटला, वेग भरधाव का होता, आणि या एकाच धंद्यातल्या माणसांचा ताबा वारंवार का सुटावा, हे प्रश्न त्या चार ओळींत मावत नाहीत. आज आम्ही त्या न मावणाऱ्या प्रश्नांविषयी बोलणार आहोत.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. या अपघातांत चालकाची चूक पुष्कळदा असते. ती आम्ही झाकणार नाही. तथापि ती चूक साखळीतली शेवटची कडी होय. आधीच्या कड्या रस्त्यात आहेत, गाडीत आहेत, आणि सर्वांत मजबूत कडी त्याला पैसे कसे मिळतात या व्यवस्थेत आहे. शेवटची कडी तेवढी धरून शिक्षा करीत बसलो तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखे होईल.

धंद्याचे स्वरूप

हा धंदा आपल्याकडे अगदी नवा नाही. गोव्यात अशा चालकाला 'पायलट' म्हणतात. पिवळ्या मडगार्डची त्याची गाडी बाजाराच्या कोपऱ्यावर, बसस्थानकापाशी, फेरीबोटीच्या धक्क्यावर उभी असते, आणि गोवेकराला तिच्यात काही नवल वाटत नाही. बँकॉक शहरात नारिंगी जाकीट घातलेले चालक गल्लीच्या तोंडाशी थांबलेले असतात. युगांडा-केनियाकडे याच धंद्याला 'बोडा-बोडा' म्हणतात. त्या दोन देशांच्या सीमेवर सायकलीवरून उतारू नेणारे लोक 'बॉर्डर, बॉर्डर' अशी हाक देत, तिच्यावरून ते नाव रूढ झाले.

आपल्या मोठ्या शहरांत मात्र हा धंदा हातातल्या फोनच्या मार्गाने आला. उतारू फोनवर गाडी मागवतो, कंपनीचे यंत्र जवळचा चालक हुडकते, भाडे यंत्रच ठरवते आणि आपला वाटा कापून घेते. महाराष्ट्रात हा धंदा बरेच दिवस परवान्यावाचून चालला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनापरवाना सेवा बंद करण्यास सांगितले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विजेवर चालणाऱ्या बाइक-टॅक्सीला मान्यता दिली आणि त्याच वर्षी तिचे नियम झाले.

देश आणि वेष वेगळे असले तरी तीन गोष्टी सर्वत्र सारख्या आहेत. थोड्या भांडवलात, नुसत्या लायसन्सवर, तरुण माणूस या धंद्यात शिरतो. एका बैठकीवर दोन जीव असतात आणि त्यांच्याभोवती पत्र्याचे कवच नसते. आणि मजुरी दिवसाची नसून फेरीची असते. या तिसऱ्या गोष्टीकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधणार आहोत.

आकडे काय बोलतात, काय बोलत नाहीत

केंद्र सरकारचे रस्तेवाहतूक मंत्रालय दर वर्षाच्या अपघातांचा अहवाल काढते. २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. मेलेल्यांत दुचाकीवरची माणसे ४४.५ टक्के होती. डोक्यावर हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसे मेली; त्यांत ३५,६९२ गाडी चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले होते. मागच्या माणसाला काही होत नाही, असे समजून जे निर्धास्त बसतात त्यांनी हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवावा.

याच अहवालात मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के 'अतिवेग' या रकान्यात मांडलेले आहेत. एवढ्यावरून विद्वान माणूस म्हणतो, लोक वेगाने चालवतात म्हणून मरतात. ठीक आहे. पण हा रकाना कसा भरतो ते पाहा. अपघात झाल्यावर पोलीस पंचनामा करतो, छापील तक्त्यात कारणे दिलेली असतात, त्यांतल्या एकापुढे खूण होते. दुचाकी हा तिथे एकच प्रकार. ती घरच्या कामाला चालली होती की भाड्याच्या फेरीवर, हे त्यावरून कळत नाही. चालक किती तास गाडीवर होता, शेवटचा केव्हा जेवला, त्या क्षणी त्याच्या फोनवर काय वाजत होते, यांचेही रकाने नाहीत. जे विचारलेच जात नाही ते कारणांच्या यादीत येत नाही, आणि यादीत नाही म्हणून ते कारणच नव्हे असे पुढे ठरून जाते.

निष्काळजी कामगार : एक जुनी गोष्ट

संघटनेचे काम करणाऱ्याला ही चाल नवी नाही. एच. डब्ल्यू. हाइनरिख नावाचा एक गृहस्थ अमेरिकेत विमा कंपनीच्या नोकरीत होता. त्याने १९३१ साली कारखान्यांतील अपघातांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात सांगितले की शंभरातले ८८ अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात, १० असुरक्षित परिस्थितीमुळे होतात, आणि दोन टळण्यासारखे नसतात. त्याचा आधार होता विम्याचे दावे आणि मालकांकडचे कागद. कागद लिहिणाराने 'कामगार निष्काळजी' असे लिहिले की कामगार निष्काळजी ठरला. तरीही हा ८८ चा आकडा पुढे कित्येक वर्षे सुरक्षेच्या वर्गांतून पाठ म्हणून शिकवला गेला.

गिरणीतला साधा दाखला घ्या. फिरत्या पट्ट्यात हात सापडून बोटे गेली की म्हणत, लक्ष कुठे होते? लक्ष नव्हते हे खरेही असेल. दहा तास एकाच आवाजात उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष केव्हा तरी ढळणारच. म्हणून कायद्याने लक्षाचा उपदेश करून भागवले नाही; फिरत्या यंत्राला कठडा घाला, असे मालकाला बजावले. १९४८ च्या कारखाने कायद्यात ते कलम स्पष्ट होते. माणूस चुकणार हे गृहीत धरून, चुकीची किंमत हात किंवा जीव अशी असू नये, एवढी व्यवस्था करणे याला शहाणपण म्हणतात.

रस्त्याच्या बाबतीत हाच विचार विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरांनी मांडला. रस्त्यावरील सुरक्षेसाठी १९६६ च्या सुमारास तिथे जे सरकारी खाते उघडले त्याचे ते पहिले प्रमुख. त्यांनी अपघाताचे तीन काळ पाडले : आदळण्यापूर्वीचा, आदळण्याचा आणि नंतरचा. प्रत्येक काळात तीन गोष्टी तपासावयाच्या : माणूस, वाहन आणि भोवतालची परिस्थिती. म्हणजे नऊ घरांचा तक्ता झाला. वर्तमानपत्रातली बातमी या नवांपैकी एकच घर भरते, आदळण्यापूर्वीचा माणूस. उरलेली आठ घरे आपण आज थोडी थोडी भरून पाहू.

दोन चाके आणि रस्ता

चार चाकांची गाडी घसरली तरी उभी राहते; दोन चाकांची पडते. तिचा तोल वेगावर आणि रस्त्याच्या पकडीवर अवलंबून असतो, आणि ती पकड दोन लहानशा ठिकाणी, तळहाताएवढ्या रबरावर टिकलेली असते. तिथे वाळू, तेल, चिखल किंवा ओले लोखंड आले की चालक कितीही निष्णात असो, त्याचे काही चालत नाही. आपल्याकडे पहिला पाऊस पडतो तेव्हा उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल यांचा पातळ लेप रस्त्यावर तयार होतो. पाण्याने भरलेला खड्डा चार बोटे खोल आहे की गुडघाभर, ते वरून कळत नाही. गटाराची लोखंडी झाकणे, उचकटलेले पेव्हर ब्लॉक, डांबर आणि काँक्रीट यांच्या सांध्यातली भेग, रंग उडालेले गतिरोधक, या गोष्टी मोटारीतल्या माणसाला एक धक्का देऊन जातात. दुचाकीवरच्याला त्या जमिनीवर आणतात.

आता वेगाचे गणित पाहू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. समोर काही आडवे आले तर डोळ्याने पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक चांगले लागले तर ती आणखी १२ मीटरवर थांबेल. एकूण २३ मीटर, म्हणजे दोन एस.टी. बस मागेपुढे उभ्या केल्या तर होईल एवढे अंतर. हाच वेग ताशी ६० केला तर पहिल्या सेकंदात १७ मीटर आणि पुढे २८, मिळून ४५ मीटर लागतात, चार एस.टी. बस. वेग दीडपट झाला, थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट झाले. ओल्या रस्त्यावर ते याहूनही वाढते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

मागे उतारू बसला की आणखी गोष्टी बदलतात. साठ-सत्तर किलोचे वजन मागच्या चाकावर येते, पुढचे चाक हलके होते, हँडल वेगळे वाटू लागते. घरचा माणूस मागे बसला तर वळणावर कसे कलायचे ते त्याला सवयीने ठाऊक असते. टॅक्सीच्या मागे मात्र दर वीस मिनिटांनी नवा माणूस बसतो. एक घट्ट धरतो, एक धरतच नाही, एक फोनवर बोलताना खांद्यावरून वाकून पुढचा रस्ता पाहतो. कोणाच्या मांडीवर बोचके असते, कोणाच्या ओढणीचे टोक चाकाकडे लोंबत असते. मोटार वाहन नियमांप्रमाणे मागच्या माणसासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला पायटे आणि मागचे निम्मे चाक झाकणारे आवरण असावे लागते. पुष्कळ जण ते आवरण शोभेसाठी काढून टाकतात. धंद्याच्या गाडीवर ते आहे की नाही हे पाहणे परवाना देणाऱ्याचे काम आहे.

फेरीची मजुरी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पुढचे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतलेले आहेत; ज्याने त्याने आपल्या गावचे आकडे घालून हिशेब पुन्हा मांडावा.

समजा, कंपनीचा वाटा कापून चालकाला एका फेरीचे ४० रुपये मिळतात आणि त्या फेरीला १० रुपयांचे इंधन जाते. हाती राहिले ३०. रिकामे फिरणे आणि वाट पाहणे धरून तासाला दोन फेऱ्या होतात, म्हणजे तासाला ६० रुपये. आता त्याचा रोजचा बांधलेला खर्च पाहा. गाडीचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता ३०० रुपये. चहा, जेवण, फोन यांचे १२०. एकूण ४२०. तासाला ६० या दराने हे ४२० फेडायला सात तास लागतात. तोवर तो स्वतःच्या घरासाठी एक पैसाही कमावत नाही. आठ तास काम करून तो उठला तर घरी ६० रुपये नेईल. बारा तासांनी उठला तर ३०० नेईल. चौदा तासांनी उठला तर ४२०.

या तीन आकड्यांत सारा प्रश्न आहे. बारा तासांवरून चौदा तासांवर गेला तर काम सहाव्या हिश्शाने वाढते, पण घरी नेण्याचे पैसे ४० टक्क्यांनी वाढतात. म्हणजे दिवसाचे पहिले तास मालकाचे, सावकाराचे आणि पंपाचे. बायकोमुलांचे तास ते शेवटचे. हे शेवटचे तास रात्रीचे असतात, अंगात त्राण नसताना येतात, आणि रस्ता मोकळा असल्यामुळे त्याच वेळी गाडी पळते. कोणी म्हणतात, 'त्याला कोणी अडवले आहे? फोन बंद करून घरी जावे.' खरे आहे, अडवले कोणीच नाही. सातव्या तासाला घरी जाण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे, रिकाम्या हाताने.

वेगाचेही असेच आहे. शहरात पाच किलोमीटरच्या फेरीला ताशी २० च्या सरासरीने १५ मिनिटे लागतात. सरासरी २५ पडली तर १२. तीन मिनिटे वाचली. एवढ्यासाठी कोणी जीव धोक्यात घालील का? एका फेरीसाठी कोणीच घालणार नाही. पण दिवसाच्या चोवीस फेऱ्यांवर तीन-तीन मिनिटे म्हणजे तासाहून अधिक. त्या वेळात दोन फेऱ्या जास्त, म्हणजे ६० रुपये जास्त. ३०० घरी नेणाऱ्याला हा पाचवा हिस्सा आहे. शहराच्या गर्दीत सरासरी २० ची २५ करायची तर मोकळ्या रस्त्यावर नुसते पळून भागत नाही. सिग्नल पिवळा असताना घुसावे लागते, दोन बसच्या मधून काढावी लागते, वळसा टाळण्यासाठी उलट्या बाजूने जावे लागते. जी धिटाई आपल्याला माज वाटते तिच्या तळाशी पुष्कळदा हा हिशेब असतो. त्यावर कंपनीचे बक्षीस असेल, अमुक फेऱ्या पुऱ्या केल्या तर अमुक रुपये जास्त, तर शेवटच्या दोन फेऱ्या कशा धावल्या जातील हे सांगायला नको.

पूर्व आफ्रिकेतल्या बोडा-बोडावाल्याची गाडी पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीची असते आणि तो रोज ठरीव रक्कम मालकाला देतो. आपल्याकडच्या भाड्याच्या रिक्षावाल्याला ही रीत चांगली ठाऊक आहे. फोनने तीत बदल केला तो एवढाच की पूर्वी मालकाच्या तोंडाकडे पाहून एखादे दिवशी 'आज धंदा झाला नाही' असे सांगता येत असे. यंत्राला तोंड नाही.

थकवा आणि फोन

थकवा म्हणजे आळस नव्हे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी प्रयोग करून दाखवले की सतत १७ तास जागा असलेला माणूस हातडोळ्यांच्या कामात तितकाच ढिला पडतो जितका रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेला माणूस. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. तेव्हा सकाळी सहाला उठून रात्री अकराला उतारू नेणारा माणूस थेंबभरही न पिता त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. त्याला कोणते यंत्र फुंकायला लावणार?

कायद्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. परंतु ते संरक्षण नोकरीत असलेल्यांना. फेरीवर काम करणारा कागदोपत्री कोणाचा नोकर नसतो. २०२० साली केंद्राने अशा कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दिवसाला जास्तीत जास्त बारा तास आणि मग दहा तास सक्तीची विश्रांती असे सांगितले, आणि चालक एकाहून अधिक कंपन्यांचे काम करीत असला तरी तास एकत्र मोजावेत असेही म्हटले. तत्त्व चांगले होते. पण दोन खिशांत दोन फोन असलेल्या माणसाचे तास एकत्र मोजायचे कोणी? एका कंपनीला दुसरीचे घड्याळ दिसत नाही.

फोनची दुसरी बाजू हँडलवर आहे. नवी फेरी आली की पडदा उजळतो, आवाज होतो, आणि थोड्याच सेकंदांत ती घेतली नाही तर दुसऱ्याकडे जाते. गाडी ताशी ५० ने जात असताना दोन सेकंद पडद्याकडे पाहिले तर सुमारे २८ मीटर रस्ता न पाहता कापला जातो. गाडी चालवताना फोन हातात घेऊ नये हा नियम चालकाला दंड करतो. चालत्या गाडीवर फेरी पाठवणाऱ्याला काही विचारीत नाही.

पडल्यानंतर

हेल्मेटचा गुण वादातीत आहे. जगभरच्या अभ्यासांचा जो आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला त्यात हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम चालवणारा आणि मागे बसणारा या दोघांनाही ते घालावयास सांगते. परंतु चालकाने पुढे केलेले दुसरे हेल्मेट घामट आहे, केस विस्कटतात, एवढेच जायचे आहे, म्हणून उतारू ते मांडीवर ठेवतो. आणि घातले तरी हनुवटीखालचा पट्टा लावीत नाही. बिनपट्ट्याचे हेल्मेट पहिल्या आदळण्यालाच निघून जाते.

मग दवाखाना. रस्त्यात पडलेल्याला उचलले तर पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती पूर्वी खरी होती. २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण दिले आहे. त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळावेत अशी योजनाही केंद्राने जाहीर केली. या दोन गोष्टी घरोघरी माहीत व्हायला हव्यात.

आणि शेवटी भरपाई. खाजगी वापरासाठी उतरवलेल्या विम्यात भाड्याची फेरी बसत नाही. पांढऱ्या पाटीच्या गाडीवर उतारू नेताना अपघात झाला की विमा कंपनी प्रथम हेच काढते, आणि चालक व उतारू दोघेही उघड्यावर पडतात. धंद्यातल्या धोक्याची भरपाई धंद्याने करावी, त्यासाठी कामगाराने मालकाची चूक शाबीत करण्याची गरज नाही, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने आले. ते मिळवायला नोकर असावे लागते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा फोनवरच्या कामगारांचे अस्तित्व प्रथम मान्य केले, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या निधीसाठी द्यावी असे म्हटले. मात्र नोकर आणि मालक या नात्याबाहेरच त्यांना ठेवले. हात मोडून दोन महिने घरी बसलेल्याचा हप्ता कोण भरणार, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे अजून त्याच्या बायकोलाच शोधावे लागते. आणि तो हप्ता चुकू नये म्हणून प्लॅस्टर निघताच, हात पुरा बळावण्यापूर्वी, तो पुन्हा गाडीवर बसतो. एका अपघाताचा शेवट असा दुसऱ्याचा आरंभ होतो.

चालकांनी काय ऐकावे

चालकांच्या बाजूने बोलणाऱ्याने चालकांनाही चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. दारू पिऊन उतारू बसवणे याला कोणतीही मजुरीव्यवस्था निमित्त होऊ शकत नाही. पट्टा न लावता हेल्मेट घालणे, मित्राच्या लायसन्सवर गाडी चालवणे, झिजलेला टायर आणखी एक महिना काढणे, यांत बचत होते ती थोडक्या रुपयांची. आपल्या धंद्याची शिस्त आपण राखली नाही तर ती राखण्यासाठी दुसरे कोणी येईल, आणि तो धंदाच बंद करून जाईल. लागोस शहराने २०२० पासून मोठ्या भागांत मोटारसायकल-टॅक्सीवर बंदी घातली, हे उदाहरण समोर आहे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, गाडीवर असलेल्या प्रत्येक तासाला किमान मोबदला मिळावा, वाट पाहण्याच्या वेळेलाही. बांधलेला खर्च पहिल्या तासांतच निघू लागला तर शेवटच्या तासांची ओढ कमी होईल. दुसरी, फेऱ्यांच्या संख्येवरची बक्षिसे बंद व्हावीत. तिसरी, तास लायसन्सच्या क्रमांकावर मोजावेत, म्हणजे दोन फोनांनी ते लपणार नाहीत. चौथी, चालत्या गाडीवर नवी फेरी येऊ नये; गाडी थांबली की यावी. पाचवी, थांबे. बँकॉकचे चालक थांब्यावर क्रमाने उभे राहतात आणि पाळीप्रमाणे उतारू घेतात. ज्याची पाळी ठरलेली आहे त्याला दुसऱ्याच्या पुढे काढण्यासाठी धावावे लागत नाही. सावली, पाणी आणि मुतारी असलेला थांबा नगरपालिकेला फार महाग नाही. सहावी, पावसाळ्यापूर्वी खड्डे आणि झाकणे यांची पाहणी करताना चालकांचा प्रतिनिधी बरोबर घ्यावा. कोणता खड्डा कोणाला पाडतो हे त्याच्याइतके कोणाला माहीत नाही. सातवी, पंचनाम्यात दोन रकाने वाढवावेत : गाडी भाड्याच्या फेरीवर होती काय, आणि चालक किती तास कामावर होता.

या मागण्या कोणाला फार वाटतील. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर. तेव्हाही ती मागणी फार वाटली होती. आज रविवारची सुट्टी कोणाला चैन वाटत नाही.

आपण श्रोते बहुधा या गाडीच्या मागच्या बैठकीवर बसणारे आहात, आणि तिथे बसून पुष्कळ करता येते. हेल्मेट घ्या आणि पट्टा लावा. चालकाला 'जरा लवकर' असे म्हणू नका. उशीर झाला असेल तर तो आपला आहे, त्याचा नव्हे. उलट्या बाजूने जवळचा रस्ता दाखवू नका. पदर, ओढणी आवरून बसा, दांडी धरा. रात्री उशिरा गाडी मागवली असेल तर बसण्यापूर्वी एक प्रश्न विचारा : 'दादा, सकाळपासून किती तास झाले?' त्याने चौदा सांगितले तर त्याला त्या फेरीचे पैसे द्या, आणि आपण बसने किंवा रिक्षाने जा. थोडे जास्त पैसे जातील. पण दोन माणसे त्या रात्री धडधाकट घरी पोचतील.